शंभर टक्के झालं म्हणतंय, पण डिस्कवर गेलंय का?

परभणी, हिंगोली, बीड, कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात हे बघायला मिळतं. पोरगं पेनड्राइव्ह लावतं, लग्नाचे फोटो नाहीतर सातबाऱ्याची पीडीएफ त्यात टाकतं, हिरवी पट्टी सर्रकन शंभरवर जाते, "झालं भाऊ" म्हणत पेनड्राइव्ह उपटून हातात देतं, आणि घरी जाऊन उघडलं तर फाइलचं नाव आहे पण साइज शून्य केबी. मग सगळं खापर पेनड्राइव्हवर, चायनाचा माल म्हणून. माल खराब असतोही कधीकधी, पण बऱ्याचदा तो बिचारा निर्दोष असतो, त्याच्यापर्यंत डेटा पोचलेलाच नसतो. कॉम्प्युटरनं "लिहिलं" असं सांगितलं तेव्हा ते खरंच कुठंतरी लिहिलेलं होतं, फक्त आपल्याला वाटतं तिथं नाही.

कुठलाही प्रोग्राम, मग तो वर्ड असो, ब्राउझर असो की मोबाइलमधलं एखादं ॲप, थेट डिस्कला हात लावू शकत नाही. तशी परवानगीच नसते त्याला. प्रोसेसरचे दोन मोड असतात, साधे प्रोग्राम चालतात तो यूजर मोड आणि ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा म्हणजे कर्नल चालतो तो कर्नल मोड, आणि डिस्क, नेटवर्क कार्ड, यूएसबी हे सगळं कर्नलच्या ताब्यात. प्रोग्रामला काही लिहायचं असलं की त्यानं कर्नलला विनंती करायची, या विनंतीला सिस्टम कॉल म्हणतात, आणि लिहायच्या कॉलचं नाव राइट. प्रत्येक कॉलला नंबर असतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर, नेहमीच्या ६४ बिटी इंटेल नाहीतर एएमडीच्या मशीनवर राइटचा नंबर १, आणि तुमच्या खिशातल्या ६४ बिटी अँड्रॉइड फोनमध्ये तोच ६४. प्रोग्राम हा नंबर प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्याच एका छोट्या खणात ठेवतो, एक खास इन्स्ट्रक्शन चालवतो, आणि तिथून पुढं काय करायचं ते कर्नल बघतो.

राइटला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात. कशात लिहायचं, कुठला मजकूर, आणि किती बाइट. यातलं "कशात" म्हणजे एक साधा आकडा असतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात, फाइल उघडली की कर्नल तो देतो. ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, २ म्हणजे एररचे मेसेज, हे तीन बहुतेक प्रोग्रामला चालू होतानाच आयते मिळतात. ही सगळी मांडणी १९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी उभ्या केलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमची, आणि मला विचाराल तर कॉम्प्युटरच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी टिकलेली गोष्ट क्वचितच सापडेल.

हे डोळ्यानं बघता येतं. लिनक्सवर एसट्रेस नावाचं टूल आहे, ते एखाद्या प्रोग्रामनं कर्नलला काय काय विनंत्या केल्या ते ओळीनं छापतं. टर्मिनलवर एसट्रेस, पुढं इको (दिलेला मजकूर छापणारी कमांड), पुढं "बीड" असं टाइप करून एंटर मारा. पन्नासएक ओळींचा पसारा येतो, त्यात शेवटाकडं एक राइट दिसतो, डिस्क्रिप्टर १, मग ३४०, २४४, २५४ असे काहीतरी आकडे, आणि शेवटी बाइट १०. आता बीड तर दोन अक्षरांचा, मग दहा कुठून आले? युनिकोडमध्ये ब वेगळा, दीर्घ वेलांटी वेगळी, ड वेगळा, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे नऊ झाले, आणि ओळ संपल्याची खूण एक, असे दहा. ते ३४०, २४४, २५४ म्हणजे आपला ब, अष्टमान पद्धतीत लिहिलेला. आणि ओळीच्या अगदी टोकाला, बरोबरच्या (=) चिन्हानंतर, परत एक १०. हे कर्नलचं उत्तर, दहा बाइट घेतले.

या उत्तराचा अर्थ नीट समजला की शून्य केबीचं कोडं सुटतं. मोंढ्यात सोयाबीन आडत्याकडं उतरवलं, काटा झाला, पावती मिळाली की तुमचं ट्रॅक्टर मोकळं होतं, पण त्याचा अर्थ माल तेलाच्या मिलमध्ये पोचला असा होत नाही, तो अजून आडतीतच पडलेला असतो. कर्नलचा आकडा म्हणजे तशीच पावती. फाइलमध्ये लिहा म्हटलं की कर्नल तो मजकूर प्रोग्रामच्या मेमरीतून स्वतःच्या मेमरीत कॉपी करतो, रॅममध्येच, पेज कॅश नावाच्या जागेत, तिथं साधारण ४०९६ बाइटची एकेक पानं असतात, त्या पानावर "डर्टी" अशी खूण करतो आणि प्रोग्रामला लगेच झालं म्हणून सांगतो. डिस्कला अजून पत्ताही नसतो.

मग डिस्कवर जातं कधी? लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये कर्नल दर ५ सेकंदांनी उठून बघतो, ज्या पानांना डर्टी होऊन ३० सेकंद उलटलेत ती डिस्ककडं रवाना करतो, किंवा अशी पानं फारच साचली तर आधीच. म्हणजे जवळपास अर्धा मिनिट तुमचा मजकूर निव्वळ रॅममध्ये राहू शकतो, आणि त्यात आपल्याकडं लाईटचं काय सांगता येतंय, भारनियमन आहे, डीपी जळतोय, वारं सुटलं की तार तुटतीये, इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर लाईट गेली की तो अर्धा मिनिट गेलाच. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून तिथं हे फारसं जाणवत नाही.

एवढी जोखीम कर्नल काहून घेतो, तर वेगासाठी. रॅममध्ये एखादी गोष्ट शोधायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कला हेड जागेवर न्यायलाच काही मिलिसेकंद, म्हणजे कित्येक दहा हजारपट फरक. प्रत्येक दहा बाइटसाठी डिस्क गाठली तर मशीन रांगत चालेल. त्यापेक्षा शंभर छोटे राइट गोळा करून एकदाच नेलेले बरे, आणि गंमत म्हणजे कितीतरी तात्पुरत्या फाइली तयार होऊन पुसल्याही जातात आणि डिस्कला त्यांचा स्पर्शसुद्धा होत नाही. शिवाय तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रामनं वाचायला मागितली तर कर्नल पेज कॅशमधूनच काढून देतो, त्यामुळं सगळ्यांना फाइल एकदम व्यवस्थित दिसते, लाईट जाईपर्यंत.

इथं एक बारीक फरक आहे जो शिकणाऱ्या पोरांना लई छळतो. प्रोग्राम क्रॅश झाला म्हणून राइट केलेला मजकूर जात नाही, तो कर्नलकडं सुखरूप असतो. मग लॉग फाइलच्या, म्हणजे प्रोग्राम काय काय करतोय त्याच्या नोंदवहीच्या, शेवटच्या ओळी गायब का होतात? कारण त्या कर्नलपर्यंत गेलेल्याच नसतात. सी भाषेतला प्रिंटएफ स्वतःच एक छोटा बफर, म्हणजे मजकूर तात्पुरता साठवायची जागा, ठेवतो, स्क्रीनवर लिहीत असेल तर ओळ संपली की राइट बोलावतो, पण फाइलमध्ये लिहीत असेल तर बफर भरेपर्यंत वाट बघतो, आणि तेवढ्यात प्रोग्राम मेला की बफरही त्याच्यासोबत जातो. म्हणजे स्क्रीनवर दिसणारी ओळ फाइलमध्ये नसते, कोड एक अक्षरानंही न बदलता.

ज्याला खरंच डिस्कवर गेल्याची खात्री हवी त्यानं एफसिंक हा वेगळा कॉल करायचा. तो मात्र डिस्ककडून उत्तर येईपर्यंत हलत नाही, म्हणून हळू असतो, म्हणून सगळे तो टाळतात. डेटाबेसवाल्यांना टाळून चालत नाही. मोबाइलमधली कितीतरी ॲप एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस वापरतात आणि तो मूळ सेटिंगमध्ये व्यवहार पक्का करताना एफसिंकची वाट बघतो. जुनी फाइल बदलायची असली तर जाणकार लोक आधी वेगळ्या नावानं नवीन फाइल लिहितात, तिला एफसिंक करतात आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतात, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी जुनी किंवा नवी, एक तरी धड फाइल हाती राहते. २००९ मध्ये लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, नवीन होती तेव्हा हे न पाळणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइली मशीन बंद पडल्यावर शून्य बाइटच्या व्हायला लागल्या, नाव नोंदलेलं, मजकूर यायचा राहिलेला. मोठी भांडणं झाली, कर्नलवाले म्हणाले एफसिंक करा, ॲपवाले म्हणाले आधीच्या फाइल सिस्टमवर तर नीट चालत होतं, आणि शेवटी कर्नलनंच अशा नाव बदलणाऱ्या प्रोग्रामसाठी थोडी सवलत दिली. माझ्या मते बरोबर केलं, तत्त्वानं ॲपवाले चुकत असतील पण फाइली लोकांच्या जात होत्या.

आणि एफसिंकही शंभर टक्के भरवशाचा नाही बरं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं की डिस्कवर लिहिताना एरर आली तर लिनक्स ती एकदा सांगतो, पण सोबतच त्या पानावरची डर्टी खूण काढून टाकू शकतो. त्यामुळं पुन्हा एफसिंक केलं तर उत्तर "सगळं ठीक", मजकूर मात्र गेलेला. त्यांनी मग सरळ नियम केला, एफसिंक नापास झाला की पुन्हा प्रयत्न करायचाच नाही, डेटाबेस बंद पाडून व्यवहारांच्या लॉगवरून परत उभा करायचा.

पेनड्राइव्हपुरतं सांगायचं तर विंडोजनं २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी ही साठवून ठेवायची सवय मूळ सेटिंगमधून काढली. लिनक्सवर अजूनही इजेक्ट दाबून थांबावं लागतं.

आता नेटवर्क. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समध्ये, ४.२ बीएसडीमध्ये, सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचं आपल्याकडचं टोक, आलं, आणि सॉकेटलाही फाइलसारखाच डिस्क्रिप्टर दिला, त्यामुळं तोच राइट तिथंही चालतो. पीक विम्याचा फॉर्म भरून सबमिट दाबलं की ब्राउझर शेवटी कर्नलला सांगतो की एवढे बाइट या सॉकेटमध्ये टाक. कर्नल ते सेंड बफरमध्ये घेतो आणि आकडा परत करतो. इथंही तेच, घेतले एवढंच. त्यानंतर टीसीपी, म्हणजे नेटवर बाइट नीट पोचवायची पद्धत, त्याचे साधारण १४६० बाइटचे तुकडे पाडून पाठवतं, समोरून पोच येईपर्यंत प्रत स्वतःकडंच ठेवतं, पोच नाही आली तर परत पाठवतं, वाट बघायची वेळ जवळपास दुप्पट करत. गावात टॉवर गेला असेल तर लिनक्स मूळ सेटिंगमध्ये १५ वेळा प्रयत्न करतो, त्यात पंधरा मिनिटं सहज जातात. एवढा वेळ राइटनं यशस्वी म्हणून केव्हाच सांगून टाकलेलं असतं.

बफर भरला की मात्र राइट अडकून बसतो, नाहीतर मागितलेल्यापेक्षा कमी बाइट घेऊन परत येतो, १०,००० दिले आणि उत्तर आलं ६,०००. ही चूक नाही, उरलेले परत द्यायची जबाबदारी प्रोग्रामची. जे लोक हा आकडा तपासत नाहीत त्यांचा प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर झकास चालतो आणि धीम्या नेटवर अर्धवट फाइली पाठवतो.

यापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे समोरचा प्रोग्राम सॉकेट बंद करून गेला असेल तर आपला पहिला राइट बहुधा यशस्वीच होतो. बाइट जातात, तिकडून "इथं कोणी नाही" असं रीसेट येतं, आणि एरर मिळते ती दुसऱ्या राइटला. त्यावर आणखी कडी म्हणजे युनिक्समध्ये या एररसोबत सिगपाइप नावाचा सिग्नल येतो आणि त्याची सोय केली नसेल तर प्रोग्राम जागेवर मरतो, मेसेज नाही, काही नाही.

आणि टीसीपीची पोच आली म्हणजे तरी काय, तर समोरच्या कर्नलनं बाइट घेतले. सर्व्हरवरच्या प्रोग्रामनं ते वाचले का, डेटाबेसमध्ये टाकले का, तिथं एफसिंक झालं का, हे तिला माहीत नसतं. एमआयटीच्या सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ मध्ये हाच मुद्दा मांडला होता की अशी खात्री मधल्या थरांना देता येत नाही, ती दोन टोकांनीच एकमेकांना द्यावी लागते. म्हणून अर्ज क्रमांक स्क्रीनवर येईपर्यंत सेतू केंद्रातला माणूस तुम्हाला उठू देत नाही, तो नंबर सर्व्हरच्या प्रोग्रामनं स्वतः दिलेला असतो, कर्नलनं नाही.

नंबर आलाच नाही तर दोन शक्यता, अर्ज पोचला नाही, किंवा पोचला आणि उत्तर वाटेत अडकलं, आणि तुमच्या बाजूनं दोन्ही हुबेहूब सारखंच दिसतं. लोक साहजिकच परत सबमिट दाबतात. नीट बांधलेल्या सिस्टममध्ये पहिल्यांदा दाबतानाच त्या अर्जाला एक खूण चिकटवलेली असते आणि तीच खूण दुसऱ्यांदा आली की सर्व्हर नवीन नोंद न करता जुनंच उत्तर परत पाठवतो, आणि जिथं हे केलेलं नसतं तिथं एकाच गट नंबरचे दोन अर्ज पडतात आणि दोन्ही तपासणीत अडकतात.