टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल: पाळी थांबणं वेगळं, अंडाशय थांबणं वेगळं

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, शेक सगळं आटोपतं आणि फाइलमध्ये एक छोटी गोळी उरते. रोज एक, पाच वर्षं, कधी त्याहून जास्त. घरोघरी तिचं नाव ‘हार्मोनची गोळी’. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते आणि या नावाची मला मनापासून चीड आहे. ही गोळी हार्मोन देत नाही, त्याची वाट अडवते. शिवाय या एका नावाखाली दोन निराळ्या गोळ्या कोंबल्या जातात. “माझ्या जावेला लेट्रोझोल दिलीय, मला टॅमॉक्सिफेन का?” इथवर ठीक आहे, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. पण “टॅमॉक्सिफेन नसेल तर लेट्रोझोल द्या, एकाच आजाराची तर आहे” हे ऐकलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

दोन्हींत सारखं काय, ते चटकन सांगते. गाठीच्या तपासणीत हार्मोन रिसेप्टर (पेशीतली हार्मोन बसायची जागा) पॉझिटिव्ह आलं असेल तरच या गोळ्यांचा उपयोग. टॅमॉक्सिफेन बहुधा 20 मिलिग्रॅमची, लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅमची. आकड्यावरून कमीजास्त ताकद ठरवू नका. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या लेट्रोझोलच्याच घरच्या. त्यातली एक्झेमेस्टेन जेवणानंतर घ्यायची, बाकीच्यांना जेवणाचं बंधन नाही.

आता काम कसं चालतं ते. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, टॅमॉक्सिफेन तसं करते. शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, असतंच, पण स्तनाच्या पेशीतली त्याची जागा या गोळीने आधीच धरलेली असते. लेट्रोझोल जागेच्या वाटेला जात नाही, ती इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाही. मात्र कुठलं इस्ट्रोजेन? सगळा घोळ इथे होतो.

पाळी चालू असलेल्या बाईत इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना म्हणजे अंडाशय. पाळी कायमची गेल्यावर अंडाशय थंडावतात. तरी चरबी, स्नायू आणि इतर काही ठिकाणी थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, अरोमाटेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने. लेट्रोझोल हे एन्झाइम बंद पाडते. अंडाशय खरोखर थंडावले असतील तर काम फत्ते. पण ते जागे असताना नुसती लेट्रोझोल घेतली तर इस्ट्रोजेन जरा कमी होताच मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी खडबडून जागी होते आणि अंडाशयांना जास्त काम करायचा हुकूम सोडते. अंडाशय नेटाने कामाला लागतात, इस्ट्रोजेन पुन्हा वाढतं, अंडंही सुटू शकतं. म्हणजे गोळी रोज नेमाने घेऊनही संरक्षण नाही.

ही नुसती पुस्तकातली भीती नाही. मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या बायकांना स्त्रीरोगतज्ज्ञ पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस देतात ती हीच लेट्रोझोल, याच 2.5 मिलिग्रॅमची स्ट्रिप. भारतात 2011 साली वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली. म्हणजे एकाच काउंटरवरून तीच स्ट्रिप एकीला बाळ व्हावं म्हणून जाते आणि दुसरीला कॅन्सर परतू नये म्हणून. दोघींत फरक अंडाशयांच्या अवस्थेचा.

म्हणून “तुमची पाळी गेली का?” या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणू नका. पाळी दिसत नाही याचा अर्थ अंडाशय थांबले असा होत नाही. दोन प्रकारच्या बायकांची इथे हमखास फसगत होते.

पहिल्या, पिशवी काढलेल्या. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढलेल्या बायका गावोगाव आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा हा प्रश्न 2019 मध्ये इतका गाजला की सरकारला समिती नेमावी लागली. पिशवी गेली की रक्तस्राव थांबतो. पण ऑपरेशनमध्ये अंडाशय ठेवले असतील तर ते पुढे अनेक वर्षं काम करत राहतात. बाई मात्र सरळ मनाने सांगते, “माझी पाळी दहा वर्षांपूर्वीच गेली.” ऐकणाराही घाईत असला तर तेच लिहून मोकळा होतो. ऑपरेशनचा कागद शोधा. दोन्ही अंडाशय काढले, एक काढलं की काहीच नाही, ते त्यावर लिहिलेलं असतं. कागद हरवला असेल तर तसं स्पष्ट सांगा, अंदाजाने उत्तर देऊ नका. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून पाहता येतं.

दुसऱ्या, केमोमध्ये पाळी थांबलेल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या बायकांत केमोमुळे अंडाशय गप्प बसतात आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटून गेल्यावर पुन्हा चालू होतात. केमोनंतर सहा महिने पाळी नाही, म्हणजे ‘गेली’, हे गणित चुकीचं आहे. टॅमॉक्सिफेन चालू असतानाही पाळी थांबू शकते, तिच्यावरूनही काही ठरवता येत नाही. साठीच्या आतली बाई असेल तर केमो किंवा टॅमॉक्सिफेन नसताना सलग बारा महिने पाळी नाही आणि रक्तातल्या एफएसएच (पिट्युटरीचं अंडाशयांना हुकूम देणारं हार्मोन) व इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) यांच्या पातळ्याही तसंच सांगतात, असं असेल तरच डॉक्टर पाळी गेली असं धरतात. एका रिपोर्टवर भागत नाही, तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

मग पाळी चालू असलेल्या तरुण बाईला लेट्रोझोल कधीच देत नाहीत का? देतात, पण सोबत अंडाशयांना गप्प ठेवणारं इंजेक्शन असतं, गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड, बहुधा दर महिन्याला. नाहीतर ऑपरेशनने अंडाशय काढतात. इंजेक्शन महाग पडतं, तालुक्याहून शहरात यावं लागतं, मधे सण येतात, आणि बाई म्हणते, “गोळी तर चालू आहे ना, इंजेक्शन पुढच्या महिन्यात बघू.” ताई, त्या गोळीचा सगळा भार त्या इंजेक्शनवर आहे. तारीख हुकणार असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा. आणि लेट्रोझोलवर असताना थोडाही रक्तस्राव दिसला तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका, लगेच कळवा. अंडाशय जागे झाल्याची ती खूण असू शकते.

टॅमॉक्सिफेनला यातलं काही आड येत नाही. पाळी चालू असो वा गेलेली, ती काम करते, म्हणून तरुण बायकांना बहुधा तीच मिळते. पण ती गर्भनिरोधक नाही. 1962 साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी हे औषध बनवलं, तेव्हा कंपनी शोधत होती संततिनियमनाची गोळी, आणि बायकांमध्ये तिने उलट अंडं सुटायलाच मदत केली. टॅमॉक्सिफेनवर पाळी चुकत असली तरी दिवस जाऊ शकतात, आणि औषध बाळाला धोक्याचं आहे. कॉपर-टी किंवा निरोध वापरा, संततिनियमनाच्या हार्मोनवाल्या गोळ्या नकोत. औषध थांबवल्यावरही किती महिने सांभाळायचं ते विचारून घ्या. मूल हवं असेल तर मनाने गोळी बंद न करता आधी बोला.

त्रासांची यादी लांबवत नाही. अंगातून गरम वाफा दोन्हींत येतात. लेट्रोझोलचा भार हाडांवर आणि सांध्यांवर पडतो: सकाळी बोटं आखडतात, हाडांची घनता घटते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं हे तिच्यासोबत आलंच. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखी वागते. म्हणून पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेनवर रक्त दिसलं तर “पाळी परत आली” असं म्हणून गप्प बसू नये, अस्तर तपासून घ्यावं. तिच्यामुळे रक्ताच्या गुठळीचाही धोका वाढतो. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक दम लागला तर बाम चोळत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

काउंटरवर मी ज्याला ठाम नकार देते, त्यात पहिली येते पूजेसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी. गौरी-गणपतीच्या आधी तिला मोठी मागणी असते. तिच्यातलं नॉरएथिस्टेरॉन हे स्वतःच हार्मोन आहे, आणि हार्मोनवर पोसलेला कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने ते घ्यायचं नाही. देव समजून घेईल. दुसरी, अंगावरून जास्त जातं म्हणून मागतात ती ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची गोळी. टॅमॉक्सिफेनवर असलेल्या बाईला, गुठळीच्या भीतीने, मी ती तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही. तिसरी गोष्ट जरा आडवाटेची आहे. टॅमॉक्सिफेन यकृतात बदलून एंडॉक्सिफेन होते, तेव्हा तिला खरी धार येते. नैराश्यासाठी किंवा गरम वाफांसाठी दिलेली पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ती वाट अडवते. असं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा, बदलून मिळतं. लेट्रोझोलला ही अडचण नाही.

टॅमॉक्सिफेनची दोन-तीन वर्षं झाली आणि पाळी खरोखर गेलेली असली की डॉक्टर लेट्रोझोलवर नेतात, हे नेहमीचं आहे. तेव्हा घरात उरलेल्या टॅमॉक्सिफेनच्या स्ट्रिप “वाया कशाला घालवायच्या” म्हणून नव्या गोळीसोबत संपवू नका. दोन्ही एकत्र घेतल्याने संरक्षण वाढत नाही, आणि टॅमॉक्सिफेनमुळे रक्तातली लेट्रोझोलची पातळी उतरते. न कापलेल्या स्ट्रिप बिलासकट दुकानात आणा, परत घेता येतात का ते बघू. कापलेल्या असतील तर ओळखीच्या कुणाला देऊ नका, तिची फाइल तुम्ही पाहिलेली नसते.