बाळाच्या घरी पोहोचणारे आरोग्यशास्त्र

बारावीनंतर आरोग्यक्षेत्रात जायचे म्हटले की आपल्याकडे चर्चा होते ती एमबीबीएसची, फार तर नर्सिंग किंवा फार्मसीची. सार्वजनिक आरोग्य हाही एक पेशा आहे आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू रोखण्यात त्याचे स्थान कोणते, हे पाहायला गडचिरोलीपर्यंत गेले तरी पुरते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभारली. किती मुले जन्मतात, किती दगावतात आणि कशाने, याची गावोगाव नोंद ठेवणे हा त्यांच्या कामाचा पाया होता. न्यूमोनिया हे मोठे कारण दिसल्यावर, निरक्षर दाईलाही तो ओळखता यावा म्हणून त्यांनी मण्यांचे एक साधन बनवले. बाळाचे दहा श्वास झाले की दाईने एक मणी सरकवायचा आणि वाळूच्या घड्याळातील मिनिट संपेपर्यंत हे चालू ठेवायचे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक भरले, तर धोका समजायचा. मोठमोठ्या यंत्रांचे कौतुक करणाऱ्यांनी हे साधन एकदा नीट पाहावे, असे मला वाटते.

पुढे १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांची घरी जाऊन पाहणी झाली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, प्रत्यक्षात ती मिळाली अवघ्या २.६ टक्के बाळांना. बाळंतपणे बहुतांशी घरीच होत असल्याने उपचारही घरीच न्यावे लागणार होते. पाचवी ते दहावी शिकलेल्या, गावातल्याच स्त्रियांना निवडून बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, अंगावर पाजण्यात आईला मदत करणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे शिकवण्यात आले. इंजेक्शनवरून डॉक्टरांनी भुवया उंचावणे स्वाभाविक होते. मात्र या प्रयोगात ज्या गावांत ही सेवा नव्हती अशा ४७ गावांशी तुलना केलेली होती, त्यामुळे उत्तर आकड्यांतच होते: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

अशा कामात सेविकेइतकीच गरज असते ती नोंदी तपासणाऱ्या पर्यवेक्षकाची, तुलनेसाठी गावे ठरवणाऱ्या साथरोगतज्ज्ञाची, संख्याशास्त्रज्ञाची आणि अवघड विषय सोपा करून सांगणाऱ्या प्रशिक्षकाची. यातील कोणालाही एमबीबीएस असण्याची सक्ती नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, तर देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्राचे.

नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांकडे सोपवण्यात आला. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सात भेटी. दवाखान्यात झाले असेल तर पहिली भेट वगळून सहा. सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर एका बाळामागे मोबदला ठरला २५० रुपये. ज्या कामावर तान्ह्या जिवांचे भवितव्य अवलंबून आहे ते करणारी स्त्री सरकारदरबारी अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे, पगारी कर्मचारी नाही.