लष्करातल्या बायका आणि आपल्या कादंबऱ्या

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक पत्ता सांगताना सहज 'लष्कर' म्हणतो, पण हे नाव खरंच फौजेच्या तळावरून पडलंय, 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली छावणी टाकली ती उठलीच नाही, तिचंच शहर झालं. आता मराठ्यांची छावणी म्हणजे नुसते शिपाई नव्हेत, बरोबर बायका, पोरं, दासी, यात्रेकरू असा अख्खा संसार चालायचा. बुणगे म्हणायचे त्यांना. युद्धातली बाई आपल्या कादंबरीत कशी आली हे बघायचं तर मला वाटतं आधी या बुणग्यांकडे बघावं.

पानिपत, 14 जानेवारी 1761. नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, बातमी कळली ती सावकाराच्या सांकेतिक चिठ्ठीतून, मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. बायकांचा त्यात वेगळा शब्दही नाही. नाना फडणवीस तेव्हा 18 वर्षांचे, तीर्थयात्रा होईल म्हणून आई बरोबर आलेली, ती परत आलीच नाही, आणि या सगळ्याबद्दल नानांनी स्वतः लिहून ठेवलंय. भाऊसाहेबांच्या पार्वतीबाई मात्र वाचल्या. नवरा गेला हे त्यांनी मानलंच नाही, 1783 मध्ये वारल्या तोपर्यंत, म्हणजे 22 वर्षं, सवाष्णीसारख्या राहिल्या. मधे भाऊंचा तोतया निघाला, त्यावर पुढे नाटकही झालं, पण रोज कुंकू लावणाऱ्या त्या बाईकडे बघायला आपल्या लेखकांना फार उशीर लागला याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग 1857. त्याच वर्षी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती, आणि विषय काय तर विधवांचे हाल. इकडे उत्तरेत झाशीची राणी, तीही विधवाच. हे दोन धागे एकत्र दिसतात ते कादंबरीत नाही, गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या प्रवासवर्णनात. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाला दक्षिणा मिळेल म्हणून वरसईहून निघालेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्यांना राणी भेटते, पठाणी वेष, अंगभर धूळ, तहानेने व्याकूळ. हे पाणी काढायला जातात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते, आणि दोरी हातात घेऊन मडक्यातलं पाणी ओंजळीने पिते. मग बोलून जाते की मला विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे होते, तरी धर्मासाठी यात पडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून 1858 मध्ये ती इथे आमच्या ग्वाल्हेरात पडली. फूलबागेतल्या समाधीपाशी गेले की मला तो घोड्यावरचा पुतळा दिसतो पण डोक्यात ती दोरी असते.

हे पुस्तक छापून आलं 1907 मध्ये. तोवर ऐतिहासिक कादंबरीचा साचा ठरून गेला होता. 1871 मध्ये गुंजीकरांची 'मोचनगड' आली, मग हरिभाऊ आपटे. आणि हरिभाऊंचं मला राहून राहून नवल वाटतं कारण ज्या माणसाने 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये नायिका यमूला स्वतःच्या तोंडून बोलायला लावलं त्याच माणसाने 'उषःकाल'सारख्या शिवकाळावरच्या कादंबऱ्याही लिहिल्या, पण किल्ल्याच्या आत अशी स्वतःची गोष्ट सांगणारी यमू काही बसवली नाही. तसं झालं असतं तर मराठी युद्धकथा वेगळी झाली असती असं मी छातीठोकपणे म्हणेन.



मराठीत खरा फरक पडला तो 1939 मध्ये, विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मुळे. हर्टा, जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी, राणी नाही आणि कुणाची विधवाही नाही. लढाई कुठे दिसतच नाही, फक्त एक बोट आणि तिच्यावर ज्यांना कुठलाच देश नको म्हणतोय अशी माणसं. मुंबई येते, कादंबरीचा नायक चक्रधर उतरतो कारण त्याला घर आहे, आणि हर्टा बोटीवरच राहते.