मुक्तस्रोत प्रकल्पासाठी मोकळे नाव

ज्या नावाने मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुले असलेले) सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले असता पॅकेजच्या (तयार सॉफ्टवेअर-गठ्ठ्यांच्या) ऑनलाइन कोठारात, टर्मिनलवर (कमांड टंकण्याच्या खिडकीत), डोमेनमध्ये (संकेतस्थळाच्या पत्त्यात) किंवा ट्रेडमार्कमध्ये दुसऱ्या कोणाशी टक्कर होत नाही, ते नाव मोकळे समजतात. जमिनीचा सातबारा निघतो तसा नावाचा एकच उतारा मात्र कुठे मिळत नाही. प्रत्येक ठिकाणची नोंदवही वेगळी असते आणि एका वहीला दुसरीची खबर नसते.

सर्वाधिक फसगत गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर होते. तिथे नाव फक्त खात्यापुरते वेगळे असावे लागते, त्यामुळे जवळपास कुठलेही नाव मोकळेच दिसते. एनपीएम (जावास्क्रिप्टचे), पायपीआय (पायथनचे) आणि क्रेट्स डॉट आयओ (रस्टचे) या प्रोग्रॅमिंग भाषांच्या पॅकेज-कोठारांत सर्वसाधारण नियम ‘जो आधी येईल त्याचे’ असा आहे. पायपीआय जोडरेघ, अधोरेघ आणि टिंब एकच मानते आणि अक्षरांचा लहानमोठेपणाही पाहत नाही. म्हणून मधे रेघ घालून जुनेच नाव नवे करता येत नाही. एनपीएमनेही २०१७ पासून नव्या नावांना अशीच अट घातली. पॅकेजच्या नावाआधी वापरकर्त्याचे किंवा संस्थेचे नाव जोडण्याची सोय तिथे आहे, तिने बरेच तंटे टळतात. नाव अडवून ठेवण्यासाठी रिकामे पॅकेज चढवणे पायपीआयच्या धोरणात बसत नाही. लहान का होईना, पण चालणारी पहिली आवृत्ती चढवावी हे बरे.

सातारा-सांगलीकडच्या प्रोग्रॅमरला गड, नदी किंवा गावाचे नाव सुचणे स्वाभाविक आहे. कोठारे मात्र पॅकेजचे नाव रोमन अक्षरांतच मागतात, आणि अडचण तिथेच सुरू होते. दहिवडी ज्याचे मुख्य ठिकाण आहे तो माण तालुका रोमन लिपीत उतरला की युनिक्सची ‘मॅन’ ही मदतपुस्तिकेची कमांड होतो. या नावाची कमांड काढणे म्हणजे प्रत्येक लिनक्स संगणकावर भांडण ओढवून घेणे. वाई लिहावे तर त्याच तीन रोमन अक्षरांचा वेब सुगम्यतेचा (अपंगांनाही वेब वापरता यावे यासाठीचा) उपक्रम डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानके ठरवणारी संस्था १९९७ पासून चालवते, शिवाय हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या वेब-संवादमाध्यमाचे लघुरूपही तेच आहे. मिरज आणि ‘मिराज ओएस’ हा सॉफ्टवेअर प्रकल्प यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटचाच काय तो फरक. कृष्णा हे नाव एखाद्या वहीत मोकळे सापडले तरी इंटरनेटवर शोधणाऱ्याला देवाची आणि नदीचीच पाने मिळतील. वेण्णात ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, ‘एन’ एक की दोन, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. हळदीतल्या ‘ळ’ला तर रोमनमध्ये स्वतंत्र अक्षरच नाही. अजिंक्यतारा मोकळे असण्याची शक्यता अधिक, पण रोज अकरा अक्षरे कोण टंकणार? यावर उपाय आहे. प्रकल्पाचे नाव लांब ठेवून कमांड आखूड ठेवता येते. मजकूर शोधणाऱ्या ‘रिपग्रेप’ची कमांड ‘आरजी’ अशी दोनच अक्षरांची आहे.

कमांडची टक्कर बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओच्या एका प्रोग्रॅमने आधीच घेतले होते, म्हणून जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसची कमांड तिथे बराच काळ ‘नोडजेएस’ अशी लिहावी लागे. चित्रे हाताळणाऱ्या इमेजमॅजिकची ‘कन्व्हर्ट’ कमांड विंडोजच्या त्याच नावाच्या कमांडला आडवी जाई. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत ‘मॅजिक’ ही कमांड आली.

ट्रेडमार्कचा अडथळा कोठारापेक्षा जड असतो. भारतात ट्रेडमार्क कायदा, १९९९ लागू असून सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये आणि त्यासंबंधीच्या सेवा वर्ग ४२ मध्ये येतात. नोंदवहीत ऑनलाइन शोध घेता येतो. साम्य पाहताना स्पेलिंगइतकाच उच्चारही विचारात घेतला जातो. नोंदणी नसलेल्या पण वापरातून रूढ झालेल्या नावालाही संरक्षण मिळू शकते. मालाचे किंवा सेवेचे नुसते ठिकाण सांगणारे नाव, उदाहरणार्थ एकटे ‘सांगली’, वापरातून वेगळी ओळख मिळवल्याशिवाय सहसा नोंदले जात नाही.

आज फायरफॉक्स म्हणून ओळखला जाणारा ब्राउझर २००२ मध्ये फीनिक्स होता. ट्रेडमार्कच्या वादामुळे २००३ मध्ये तो फायरबर्ड झाला. पण त्या नावाचा मुक्तस्रोत डेटाबेस आधीच होता, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. पहिल्या बदलाच्या वेळी नीट शोध घेतला असता तर दुसरे बारसे टळले असते. नेटवर्क तपासणाऱ्या एथेरियलचे वायरशार्क (२००६) आणि सॉफ्टवेअर आपोआप बांधून तपासणाऱ्या हडसनचे जेंकिन्स (२०११) होण्यामागेही नावाच्या मालकीचाच प्रश्न होता. मार्च २०१६ मध्ये ‘किक’ या पॅकेजच्या नावावरून एक विकसक आणि एक कंपनी यांच्यात झालेल्या वादात एनपीएमने कंपनीची बाजू घेतली. चिडलेल्या विकसकाने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ होते, आणि त्यावर अवलंबून असलेले असंख्य प्रकल्प तयार (बिल्ड) होताना अडकले. त्यानंतर प्रसिद्ध पॅकेज मागे घेण्यावर एनपीएमने निर्बंध आणले.

नाव बदलावेच लागले तर गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवते. त्याच खात्यात जुन्या नावाने दुसरी रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या कोडची साठवण) उघडली की ही सोय संपते. पायपीआयवर अशी वळवणूक नाही. तिथे जुन्या पॅकेजची एक शेवटची आवृत्ती काढून तिला फक्त नव्या पॅकेजवर अवलंबून ठेवण्याची पद्धत आहे.