मांढरदेवचं रडार आणि ढगाचा पत्ता

वाईच्या उत्तरेला मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवलं. ढग कुठे आहे हे ठरवायला रडार दोनच गोष्टींवर विसंबतं: आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि सोडलेली लहर किती वेळात परत आली. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, त्यामुळे ५० किलोमीटरवरच्या ढगाला आपटून परतायला तिला सेकंदाचा तीन हजारावा भाग पुरतो. वेळेवरून अंतर निघतं आणि तोंडावरून कोन. या दोहोंवर बिंदूचं ठिकाण सांगणारी पद्धत म्हणजे ध्रुवीय निर्देशक. बोट दाखवून ‘त्या अंगाला, कोसभर’ म्हणणारा माणूसही तेच वापरतो.

नकाशाला मात्र शाळेतले एक्स-वाय लागतात, म्हणजे किती पूर्वेला आणि किती उत्तरेला. रडारपासून ढगापर्यंतची रेघ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण धरा. मग एक्स म्हणजे अंतर गुणिले कोनाचा कोसाइन, आणि वाय म्हणजे अंतर गुणिले साइन. इथे कोन पूर्वेपासून डावीकडे वळत मोजायचा. रडारवाले तो उत्तरेपासून उजवीकडे मोजतात, म्हणून आधी त्यांचा कोन ९० अंशांतून वजा करावा लागतो. समजा, ढग ५० किलोमीटरवर, २३३ अंशांना आहे. ९० वजा २३३ म्हणजे उणे १४३. त्यातून एक्स सुमारे उणे ४० आणि वाय उणे ३० येतात. म्हणजे ढग ४० किलोमीटर पश्चिमेला आणि ३० दक्षिणेला, महाबळेश्वरच्या पलीकडे कोकणाच्या उतरणीला.

उलट जाताना अंतर सोपं आहे: दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, इथे ५०. फसवतो तो कोन. वायला एक्सनं भागून कॅल्क्युलेटरला उलटा टॅन विचारला, की दोन उणे एकमेकांना खातात आणि उत्तर येतं ३७ अंश. तेवढ्यावर विसंबलं तर कोकणातला ढग थेट जेजुरी-मोरगावच्या बाजूला जाऊन बसेल! म्हणून आधी चिन्हं पाहून चरण, म्हणजे दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांपैकी कुठला, ते ठरवायचं. दोन्ही उणे, म्हणजे तिसरा चरण. ३७ मध्ये १८० मिळवायचे. २१७ आणि उणे १४३ हे कोन एकच, फक्त फिरण्याची बाजू वेगळी. एका बिंदूला असे कितीही कोन देता येतात, आणि आरंभबिंदूला, म्हणजे खुद्द रडारच्या जागेला, तर ठरावीक कोनच नसतो. कार्तीय, म्हणजे एक्स-वायच्या पद्धतीत ही भानगड नाही.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती रुंदीची गोष्ट. रडारची शलाका, म्हणजे त्यातून निघणारा लहरींचा झोत, एक अंशाची धरली, तर १० किलोमीटरवर ती सुमारे १७५ मीटर रुंद असते आणि १०० किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर. कोन तोच, पण रुंदी अंतराच्या पटीत वाढते. त्यामुळे नकाशावर एक-एक किलोमीटरचे चौकोन आखले, तर रडारजवळच्या एका चौकोनात अनेक मोजण्या मावतात, आणि काठावरचे दोन शेजारी चौकोन पुष्कळदा एकाच मोजणीतून भरलेले असतात.