अवोकॅडो आपल्याकडं इतक्या उशिरा का आला

परवा सोलापुरात सात रस्त्याजवळ फळवाल्याकडं डाळिंबाच्या ढिगाशेजारी पाच-सहा अवोकॅडो ठेवलेले दिसले, बाजूच्या काकू विचारत होत्या हे कुठल्या जातीचे पेरू ओ, तर फळवाला म्हणाला बेण्णे हण्णु, म्हणजे कानडीत लोण्याचं फळ. गंमत बघा, मार्तिन फर्नांदेस दे एन्सिसो नावाच्या स्पॅनिश माणसानं १५१९ साली ह्या फळाबद्दल लिहिलं तेव्हा त्यानंपण आतला गर लोण्यासारखाच असतो असं लिहून ठेवलंय.

झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. मेक्सिकोतल्या तेवाकान खोऱ्यातल्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष सापडलेत, म्हणजे तिथली माणसं हे कधीपासून खातायत विचार करा. नावपण तिथल्या नावाट्ल भाषेतल्या आवाकात्लवरून आलं. आणि कूळ कुठलं, तर दालचिनीचं! मला हे कळलं तेव्हा खरंच छान वाटलं, कारण मग हे झाड एकदम परकं वाटत नाही.

आता मुद्दा असा की मिरची, शेंगा, पेरू, सीताफळ हे सगळंपण अमेरिकेतूनच आलंय आणि आज शेंगाचटणीशिवाय सोलापूर म्हणजे काय, मग अवोकॅडोच का मागं राहिला? मला वाटतं कारण बीमध्ये आहे. शेंगा, मिरच्या वाळवून पोत्यात भरल्या की महिनोन्‌महिने जहाजात टिकतात आणि तरी पेरल्यावर उगवतात, पण अवोकॅडोची बी वाळली की मेली, ती ओली असतानाच लावावी लागते. त्यात फळ गोड नाही, त्यामुळं कुणी हौसेनं आणलंही नसेल. भारतात आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेमार्गे, आणि रुजलं कुठं तर कूर्ग, निलगिरी, कोडाईकनाल अशा गार डोंगराळ भागात.

हल्ली मॉलमध्ये जो खरखरीत सालीचा, पिकला की काळा पडणारा मिळतो तो हास जातीचा. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमननं लावलेलं रोप, त्यावर दुसऱ्या जातीचं कलम काही धरेना, पण त्याच रोपाला आलेली फळं घरच्यांना आवडली म्हणून ते ठेवलं आणि १९३५ ला त्याचं पेटंट घेतलं. जगभरातली सगळी हास झाडं त्या एका झाडाची कलमं आहेत. ते मूळ झाड २००२ मध्ये मुळकुजीनं गेलं.

ही मुळकूजच आपल्याकडची खरी अडचण, कारण ह्याची मुळं वरवरची असतात आणि पाणी साचलं की कुजतात. आपली काळी भारी जमीन पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते, वर मे महिन्यातलं ४२-४३ डिग्री ऊन, त्यामुळं व्हिडिओ बघून लगेच एकर दोन एकर लावायच्या आधी निचऱ्याची सोय, गादीवाफे आणि सावली ह्याचा विचार करा, कळकळीनं सांगतोय.

पोषणाचं म्हणाल तर १०० ग्रॅम गरात साधारण १६० कॅलरी, १५ ग्रॅम फॅट, त्यातलं १० ग्रॅम ऑलिव्ह ऑइलमध्ये असतं तसलं चांगलं, ७ ग्रॅमच्या आसपास फायबर, पोटॅशियम ४८५ मिलिग्रॅम म्हणजे केळ्यापेक्षा जास्त, शिवाय फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व. साखर १ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणून शुगरवाल्यांना चालणारं फळ. पण प्रोटीन फक्त २ ग्रॅम, आणि शेंगदाण्यात ते २५ आहे, वर चांगलं फॅटपण भरपूर. त्यामुळं महाग आहे म्हणून घेता येत नाही असं वाटून वाईट वाटून घेऊ नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारा माणूस काही उपाशी राहिलेला नाही.

घेतलाच तर कडक बघून आणा. तो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावर पिकतो, घरात केळ्यांजवळ ठेवला की तीन-चार दिवसांत देठाजवळ दाबून मऊ लागतो, मग मीठ, लिंबू आणि थोडी शेंगाचटणी टाकून भाकरीवर लावा.