जड धातू आणि गर्भकालीन ताण : मेंदूच्या जडणघडणीवरील संयुक्त परिणाम

गर्भवती स्त्रीच्या शरीरात शिसे, पारा, कॅडमियम किंवा आर्सेनिक असेल आणि त्याच काळात ती दीर्घ मानसिक ताणाखालीही असेल, तर गर्भाच्या मेंदूवर होणारा परिणाम या दोन कारणांच्या सुट्या परिणामांची बेरीज असतोच असे नाही. कधी एक कारण दुसऱ्याची तीव्रता वाढवते, तर कधी एकट्याने न दिसलेला दोष जोडीने उघड होतो. (आर्सेनिक हा काटेकोरपणे उपधातू, पण विषविज्ञानात तो याच गटात मोजतात.) ताण म्हणजे येथे रोजची धावपळ नव्हे. आर्थिक चणचण, घरातील हिंसा, जवळच्याचा मृत्यू, आपत्ती, दीर्घकाळची चिंता किंवा नैराश्य असा शरीराची ताणयंत्रणा सतत चालू ठेवणारा अनुभव अभिप्रेत आहे.

ही दोन कारणे अनेकदा एकाच घरात नांदतात. शिशाचे जुने रंग, शिशाचे नळ आणि बॅटऱ्या वितळवण्याचे काम जिथे असते, तिथेच दाटीवाटी आणि अनिश्चित उत्पन्नही बहुधा असते. तरीही बराच काळ संशोधक ताणाला गणितातून वजा करायचा अडथळा समजत आले. ही पद्धत अपुरी होती, कारण दोन्ही कारणे मेंदूतील त्याच व्यवस्थांवर घाव घालतात.

यंत्रणा

वार (गर्भाला आईशी जोडणारा अवयव, प्लॅसेंटा) ही धातू आणि ताण यांच्या भेटीची पहिली जागा. शिसे तिच्यातून जवळजवळ मुक्तपणे जाते. नाळेच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्ताच्या सुमारे 80 ते 90 टक्के असते. मेथिल मर्क्युरी (पाऱ्याचे सेंद्रिय रूप) सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडला जातो आणि मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा भासल्याने अमिनो आम्लांच्या वाहकातूनच गर्भाकडे पोहोचवला जातो. म्हणून नाळेच्या रक्तात तो आईच्या रक्ताहून सरासरी 1.7 पट आढळतो. कॅडमियम मात्र बहुतांशी वारेतच अडकतो. त्यामुळे तो निरुपद्रवी ठरत नाही. जस्ताच्या वहनात तो अडथळा आणतोच; शिवाय आईचे कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये बदलणाऱ्या वारेतील विकराची (एन्झाइम; 11-बीटा-एचएसडी-2) क्रिया कमी करतो, असे वारेच्या पेशींवरील प्रयोगांत दिसले आहे. या विकरामुळेच गर्भाच्या रक्तातील कॉर्टिसॉल आईच्या सुमारे एक दशांश राहते. आईच्या तीव्र चिंतेतही हा विकर घटल्याचे काही अभ्यास सांगतात. म्हणजे ताणामुळे आईचे कॉर्टिसॉल वाढते आणि ते रोखणारी फळी त्याच वेळी कमकुवत होते. कॅडमियमचा एक कणही गर्भाच्या मेंदूत न जाता हे घडू शकते.

दुसरी जागा म्हणजे मेंदूतील हायपोथॅलॅमस व पीयूषिका आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांची कॉर्टिसॉल स्रवणारी साखळी. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागातील ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राही (कॉर्टिसॉल ओळखणारे रेणू) या साखळीला थांबण्याचा संकेत देतात. गर्भावस्थेत ताण झालेल्या प्राण्यांच्या पिल्लांत हे ग्राही कमी आढळतात; उंदरांत आर्सेनिकनेही तसा बदल होतो. शिसे कॅल्शियमची नक्कल करते, चेतापेशींतील एनएमडीए ग्राहींना अडवते आणि स्मृतीसाठी लागणारे जोड घट्ट होऊ देत नाही. हिप्पोकॅम्पस, कपाळामागील बाह्यक (मेंदूचा बाहेरचा थर) आणि डोपामाइन या संदेशवाहक रसायनाचे मार्ग हे तिन्ही शिशाचेही लक्ष्य आहेत आणि कॉर्टिसॉलचेही. लक्ष टिकवणे, उतावळेपणा आवरणे, चूक उमगल्यावर वागणे बदलणे या क्षमता त्यांवरच उभ्या असतात.

वेळही निर्णायक असते. मज्जानलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात) गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते, बाह्यकाकडे चेतापेशींचे स्थलांतर मुख्यतः 12 ते 24 आठवड्यांत होते, आणि चेताजोडांची झपाट्याची वाढ व चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण शेवटच्या तिमाहीत वेग घेतात. इथे शिशाची एक खोड लक्षात घ्यावी लागते. प्रौढ शरीरातील 90 टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तिथे ते दशकानुदशके राहते. गर्भाच्या कॅल्शियमसाठी हाडे झिजू लागली की ते रक्तात परत येते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी शिशाचे काम सोडलेल्या स्त्रीलाही हा धोका उरतो.

पुरावा

सर्वांत स्पष्ट पुरावा प्राण्यांचा आहे. रॉचेस्टर विद्यापीठात डेबोरा कोरी-स्लेक्टा यांच्या गटाने मादी उंदरांना समागमापूर्वी दोन महिन्यांपासून दूध पाजणे संपेपर्यंत पिण्याच्या पाण्यातून दशलक्षांश 150 भाग शिसे दिले. गर्भावस्थेच्या 16व्या आणि 17व्या दिवशी त्यांना रोज तीनदा 45 मिनिटे बंदिस्त ठेवले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी ठळक होत्या. आईला एकटे शिसे दिले तरी पिल्लांचे कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांत कॉर्टिसॉलच्या जागी असणारे संप्रेरक) कायमचे वाढलेले होते. म्हणजे धातू स्वतःच ताणयंत्रणा बदलतो. आणि माद्यांमधील शिकण्याच्या वर्तनातले काही बदल फक्त शिसे व ताण एकत्र असतानाच दिसले. एकेका कारणाचीच चाचणी घेतली असती तर ते निसटले असते. नर आणि मादी यांच्यातील फरक या क्षेत्रात वारंवार आढळतो, म्हणून मुलगे-मुलींची एकत्र सरासरी काढणे धोक्याचे.

माणसांतील चित्र इतके स्वच्छ नाही. 2007 मध्ये सुरू झालेल्या मेक्सिको सिटीतील माता-बालक अभ्यासात आईचे रक्तशिसे (रक्तातील शिशाचे प्रमाण) आणि तिच्या आयुष्यातील ताणाचे प्रसंग एकत्र तपासले गेले. शिशाचा मुलांच्या विकासाशी असलेला संबंध आईच्या ताणानुसार बदलतो असे त्यात दिसले. मात्र कोणती क्षमता, कोणत्या वयात आणि किती, याची उत्तरे अभ्यासागणिक वेगळी येतात. एकट्या ताणासाठी 1998च्या कॅनडातील क्वेबेकमधील हिमवादळाचा अभ्यास मोलाचा आहे, कारण वीज किती दिवस गेली हे वादळाने ठरवले, आईच्या स्वभावाने नव्हे. एकट्या शिशासाठी 2005 चे सात अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आहे. बालकांचे रक्तशिसे 2.4 वरून 10 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होताना बुद्ध्यंकात 3.9 गुणांची घट दिसली, तर 10 वरून 20 होताना आणखी 1.9 गुणांचीच. म्हणजे प्रत्येक वाढत्या मायक्रोग्रॅममागचे सर्वांत मोठे नुकसान सर्वांत खालच्या पातळ्यांवर होते. म्हणूनच सौम्य विषबाधा आणि सौम्य ताण यांची जोडगोळी दुर्लक्षित राहते हे फार चिंतेचे आहे.

मोजमाप आणि त्यातील चुका

रक्तातील शिशाचे अर्धायुष्य (ते निम्मे होण्याचा काळ) सुमारे एक महिना असल्याने एकच चाचणी गेल्या काही आठवड्यांचेच चित्र देते. गरोदरपणात रक्त पातळ झाल्याने दुसऱ्या तिमाहीत हे प्रमाण उतरते आणि तिसऱ्यात पुन्हा चढते. त्यामुळे वेगवेगळ्या महिन्यांतील आकडे थेट ताडून पाहू नयेत. बोटातून घेतलेला नमुना त्वचेवरील धुळीने दूषित होतो, म्हणून वाढलेला आकडा शिरेतील रक्ताने पक्का करावा. मेथिल मर्क्युरीसाठी केस उपयोगी पडतात : टाळूजवळचा 1 सेंटिमीटर म्हणजे साधारण एक महिना. आर्सेनिकसाठी लघवी तपासतात, पण आधीचे तीन-चार दिवस समुद्री अन्न टाळले नाही तर त्यातील आर्सेनोबीटेन या निरुपद्रवी आर्सेनिक-संयुगामुळे आकडा फुगतो.

ताणाचे मोजमाप याहून कठीण आहे. प्रश्नावली अनुभव सांगते, शरीरातील बदल नाही. लाळेतील कॉर्टिसॉल उठताच, त्यानंतर 30 मिनिटांनी आणि झोपण्यापूर्वी असे किमान तीनदा घ्यावे लागते. एका नमुन्याला अर्थ नाही. टाळूलगतच्या 3 सेंटिमीटर केसांतून गेल्या तीन महिन्यांचा अंदाज मिळतो. आणि दोन कारणांची आंतरक्रिया सिद्ध करायला एकेका कारणापेक्षा कितीतरी मोठा गट लागतो. लहान गटात ती सापडली नाही, म्हणजे ती नाही, असे ठरत नाही.

उपाय

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या मार्गदर्शनानुसार रक्तशिसे 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास स्रोत शोधून तो तोडावा. खाण्यात कॅल्शियम व लोह कमी असेल तर पूरक द्यावे, कारण लोहाच्या कमतरतेत आतडे शिसे अधिक शोषते. मेक्सिकोत रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमने गर्भवतींचे रक्तशिसे सरासरी 11 टक्के घटले. जुना रंग गरोदरपणात खरवडू नये. कोरडी घासणी हीच मोठी विषबाधा असते. शिसे बांधणारी औषधे गर्भावस्थेत फक्त गंभीर पातळीला, साधारण 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरतात. मध्यम विषबाधेच्या बालकांत त्यांनी रक्तशिसे उतरवले, पण बुद्धी सुधारली नाही. माशांत पारा आणि मेंदूला हवी असलेली स्निग्धाम्ले दोन्ही असतात, म्हणून मासे सोडण्याऐवजी शार्क व तलवार मासा यांसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत.

ताणावर ‘शांत राहा’ हा सल्ला उपाय नाही आणि तो आईवर अन्याय करतो. नैराश्य व घरगुती हिंसेची विचारपूस प्रत्येक प्रसूतिपूर्व तपासणीत व्हावी आणि पुढची मदत खरोखर उपलब्ध असावी. समृद्ध परिसरात वाढवल्यावर शिसेबाधित उंदरांची शिकण्याची क्षमता सावरल्याचे 2003 मध्ये दाखवले गेले, त्यामुळे जन्मानंतरचे बोलणे, खेळणे आणि स्थिर सांभाळ यांना वैद्यकीय महत्त्व आहे. लक्ष आणि आत्मनियंत्रणाच्या अडचणी बहुधा शाळेच्या वयातच दिसू लागतात, म्हणून दोन वर्षांची विकासचाचणी सामान्य आली तरी अशा मुलांचा पाठपुरावा निदान सहा-सात वर्षांपर्यंत चालू ठेवावा.